मिथिक मारलंय, आता टेबलावर ये

आमच्या मॅजिक या पत्त्यांच्या गेमच्या ग्रुपवर कोणी नवीन पोरगा आला की हा प्रश्न येतोच, "दादा, अरीनावर मिथिक मारलंय, दुकानातल्या टूर्नामेंटला येऊ का की अजून प्रॅक्टिस करू?" आणि मी दरवेळी सांगतो, येच, पण मिथिकच्या भरवशावर येऊ नको. व्हॉट्सॲपवर दोन ओळींत हे नीट सांगता येत नाही म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक देता येईल.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिक: द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने बनवलेला गेम, १९९३ ला आला, पोकेमॉन, यु-गी-ओ, हार्थस्टोन हे सगळे त्याच्या नंतरचे. कमीत कमी ६० पत्त्यांचा डेक आपला आपण बांधायचा, साधे लँड (ज्यातून माना, म्हणजे बाकीची कार्ड टाकायची ताकद मिळते) सोडले तर एका कार्डाच्या चारपेक्षा जास्त कॉपी नाहीत, आणि वर १५ पत्त्यांचा साइडबोर्ड, म्हणजे पहिल्या गेमनंतर बदलून घ्यायचे जादा पत्ते. फोनवर नि कॉम्प्युटरवर हेच सगळं मॅजिक अरीना नावाने मिळतं, ब्रॉन्झपासून चढत चढत सगळ्यात वर मिथिक. आपल्याकडे बहुतेक लोक आता तिथूनच येतात, २०२१ ला अरीना मोबाईलवर आलं तेव्हापासून तर जास्तच, कारण फुकट आहे आणि दुकानं मोजकी आहेत.

आता मुद्दा. अरीनावर बहुतेक जण बेस्ट ऑफ वन खेळतात, एक गेम, संपला, पुढचा. पटापट होतं, चहा होईपर्यंत एक गेम बसतो. पण बेस्ट ऑफ वनमध्ये सुरुवातीचा हात देताना सॉफ्टवेअर एकापेक्षा जास्त हात काढून बघतं आणि ज्यात लँडचं प्रमाण तुमच्या डेकच्या सरासरीच्या जवळ आहे तो बहुधा तुम्हाला देतं. हे लपवलेलं वगैरे नाही, कंपनीनेच सांगितलंय. टेबलावर असं कोणी काही करत नाही. ६० मध्ये २४ लँड असतील तर सात पत्त्यांच्या हातात शून्य किंवा एकच लँड यायची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण सात हातांमागे एक हात असा येणारच. लोक वीस-एकवीस लँडचा डेक घेऊन येतात, "अरीनावर मस्त चालतो" म्हणतात, आणि दुसऱ्या राउंडपर्यंत दोनदा मलिगन करून (हात परत देऊन एक पत्ता कमी घेऊन) बसलेले असतात आणि नशिबाला शिव्या देतात. नशीब नाही रे बाबा, गणित आहे ते. बेस्ट ऑफ थ्रीला, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायच्या मॅचला, ही मदत अरीनावरही नसते, त्यामुळे टूर्नामेंटची तयारी करायची असेल तर तिथेच खेळा, आणि साइडबोर्ड वापरायची सवयही तिथेच लागते, कारण मॅचमधले जास्त गेम हे साइडबोर्ड केल्यानंतरचे असतात, पहिला गेम तर एकच.

मग दुसरी गोष्ट, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी, की टेबलावर गेम तुम्हाला चालवावा लागतो. एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. हार्टफायर हीरो नावाचा एक माना लागणारा उंदीर आहे, १/१, म्हणजे ताकद एक, जीव एक. तुम्ही त्याला स्वतःच्या कुठल्याही स्पेलने टार्गेट केलं की त्या टर्नला पहिल्यांदा त्याच्यावर एक +१/+१ काउंटर चढतो, हा त्याचा व्हॅलियंट ट्रिगर. आता दुसऱ्या टर्नला त्याच्यावर मॉन्स्ट्रस रेज टाका, तोही एकच मानाचा. काउंटरचा एक, रेजचे त्या टर्नपुरते दोन, रेजसोबत येणाऱ्या रोल टोकनचा अजून एक, म्हणजे एकाचा पाच झाला आणि वर ट्रँपल, म्हणजे अडवणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज थेट खेळाडूला. अरीनावर हे सगळं आपोआप होतं, चमकतं, आवाज येतो, आकडा बदलतो. टेबलावर तुम्ही तोंडाने म्हणायचं "व्हॅलियंट ट्रिगर", डाइस ठेवायचा, रोलचं टोकन लावायचं, आणि मग डॅमेज मोजायचं. म्हणायचं राहिलं तर दुकानातल्या साध्या शुक्रवारच्या गेममध्ये समोरचा बहुतेक वेळा स्वतःच आठवण करून देतो, पण कॉम्पिटिटिव्ह लेव्हलला तुमच्या ट्रिगरची आठवण करून देणं हे त्याचं काम नाही, आणि त्याने नाही केली तर तो वाईट माणूस ठरत नाही. नियमच तसा आहे आणि मला तो बरोबर वाटतो. डेक तुमचा, ट्रिगर तुमचा.

यातूनच बोलण्याचा भाग येतो. "कॉम्बॅटला जाऊ?" "थांब, त्याआधी करायचंय काहीतरी." "बरं, कर." "ओके, आता जा." हे असं सतत चालू असतं, मराठी हिंदी इंग्लिश सगळी मिसळ, आणि या बोलण्यातच अर्धा गेम असतो. अरीनावर समोरचा दोन सेकंद थांबला की कळतं, याच्या हातात इन्स्टंट (दुसऱ्याच्या टर्नलाही टाकता येणारं कार्ड) आहे, कारण टाकण्यासारखं काही नसेल तर सॉफ्टवेअर त्याला विचारतच नाही, आपोआप पुढे जातं. त्या दोन सेकंदांवर लोकांचं पूर्ण वाचन उभं असतं! फुल कंट्रोल (प्रत्येक वेळी विचारायला लावणारी सेटिंग) चालू करून काही जण मुद्दाम थांबतात ती वेगळी गोष्ट, पण फोनवर एवढं करतंय कोण. टेबलावर हा पॉझच नसतो. समोरचा दोन निळे लँड न वापरता उघडे ठेवून पाण्याची बाटली उघडतोय, त्याच्याकडे तुमचं कार्ड रद्द करणारा काउंटरस्पेल आहे का नाही हे तुम्हाला त्याने मागच्या तीन टर्नला काय केलं त्यावरून ठरवायचंय. कधी लँड टाकायचा राहिला, कुठला क्रीचर मरू दिला, कुठे विचार केला आणि कुठे अजिबात केला नाही. हे शिकायला मला वेळ लागला आणि हे शिकण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मिळाली नाही, खरंच.

जज बोलवायला लाजू नका. हे मी वेगळं लिहितोय कारण आपल्याकडे पोरं जाम लाजतात. "कशाला उगाच, जाऊ दे ना" असं म्हणून शंका तशीच गिळतात. हात वर करून "जज" म्हणणं म्हणजे समोरच्यावर आरोप नाही. कार्ड कसं चालतं कळत नाहीये, लाइफ दोघांनी वेगवेगळी लिहिलीय, समोरचा फार हळू खेळतोय, या सगळ्यासाठी जज असतो. हळू खेळण्याचं तर अगदी महत्त्वाचं, कारण राउंड पन्नास मिनिटांची असते, तीन गेम त्यातच बसवायचे, वेळ संपली की चालू टर्न आणि पुढचे पाच टर्न, तेवढ्यात निकाल नाही लागला आणि गेम एकेक असतील तर मॅच ड्रॉ. जिंकल्याचे तीन पॉइंट, ड्रॉचा एक, म्हणजे टॉप एटच्या (बाद फेरीला जाणाऱ्या आठांच्या) शर्यतीत तो ड्रॉ जवळपास हरल्यासारखाच. अरीनावर समोरच्याच्या वेळेची काळजी स्क्रीनवरची ती जळणारी दोरी, म्हणजे टायमर, घेते. इथे तुम्हाला घ्यायचीय, आणि स्वतःच्या वेळेचीसुद्धा, कंट्रोल डेक (समोरच्याला अडवत गेम लांबवणारा) घेऊन येणाऱ्यांनी तर घरी घड्याळ लावून खेळून बघाच.

अजून एक, आणि हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही. वेळ संपत आली आणि गेम अडकला म्हणून "चल टॉस करू, जिंकेल त्याला मॅच" असं गंमतीत पण म्हणायचं नाही. मॅचचा निकाल टॉसवर लावायला परवानगी नाही, तसं म्हटलं तरी शिक्षा होऊ शकते, आणि "तू सोड, बक्षीस अर्धं देतो" हे तर लाच धरलं जातं. गल्लीत आपण सगळं टॉसवर ठरवत आलोय त्यामुळे हे तोंडातून पटकन निघतं.

शफल करणं हेसुद्धा शिकायला लागतं. बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ ला दाखवून दिलं की ५२ पत्ते नीट मिसळायला सात रिफल शफल (दोन गठ्ठे एकमेकांत फरफर मिसळणं) लागतात, आपले तर ६० आहेत आणि वर प्लॅस्टिकच्या स्लीव्ह, त्यामुळे सातापेक्षा कमीत भागवू नका. मागच्या गेमचे लँड एका ठिकाणी गोळा झालेले असतात आणि दोन-तीनदा वरवर मिसळलं तर पुढच्या गेमला ते तसेच गठ्ठ्याने येतात. समोरच्याने तुमचा डेक शफल केला तर वाईट वाटून घेऊ नका आणि त्याचा तुम्ही कराच, फक्त हळू, दुसऱ्याच्या पत्त्यांना जपून, कडा वाकल्या की लोकांचा जीव जातो.

ड्राफ्टबद्दल थोडं, म्हणजे पॅक फोडून एकेक पत्ता उचलायचा, बाकीचे शेजाऱ्याला द्यायचे आणि त्यातूनच डेक बांधायचा. अरीनाच्या प्रीमियर ड्राफ्टला आठ माणसं एकत्र पत्ते निवडतात पण नंतर तुम्ही त्या आठ जणांशीच खेळता असं नाही, कोणाशीही गाठ पडते, सात जिंका नाहीतर तीन हरा तोपर्यंत. दुकानात मात्र ज्याला तुम्ही तो भारी ड्रॅगन पास केला तोच तासाभराने तो ड्रॅगन घेऊन समोर बसतो. त्यामुळे तिसऱ्या पॅकमध्ये तुमच्या कामाचं काही उरलं नसेल तर दुसऱ्याच्या कामाचं उचलून ठेवण्याला इथे अर्थ आहे, अरीनावर जवळपास नाही. आणि डावीकडचा माणूस कुठला रंग घेतोय हे दुसऱ्या पॅकपर्यंत समजायला लागतं, कारण त्या पॅकला पत्ते उलट्या दिशेने येतात आणि पहिल्या पॅकला ज्या रंगाचे चांगले पत्ते तुम्ही त्याला दिले, त्या रंगाचे तो तुम्हाला परत देणार नाही.

पैशांचं बोलायलाच पाहिजे. ३० जून २०२५ ला स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या सेटची कार्ड चालतात तो फॉरमॅट) एकदम सात कार्ड बॅन झाली, वरचा उंदीर आणि मॉन्स्ट्रस रेज दोन्ही त्यात. अरीनावर बॅन झालेल्या कार्डाच्या बदल्यात वाइल्डकार्ड मिळतं, दुसरं काही बनवा. कागदावरच्या चार-चार कॉपी ज्यांनी घेतल्या होत्या त्यांना कोण काय देणार? आमच्यातल्या एकाने ट्रेनिंगचा पहिला पगार त्या डेकमध्ये घातला होता, त्याचा चेहरा बघवत नव्हता, आणि मला अजूनही वाटतं की नवीन माणसाला सगळ्यात आधी स्वस्त म्हणून सुचवला जाणारा डेकच असा उडतो तेव्हा कंपनीने कागदवाल्यांसाठीही काहीतरी करायला हवं. तोवर माझा सल्ला हाच की डेक आधी अरीनावर भरपूर खेळा, आवडला तर ग्रुपवर कार्ड मागा, आमच्याकडे उधारीवर पत्ते देणारे बरेच जण आहेत, आणि मग विकत घ्या. ग्रुपमधल्या उधारीवर टूर्नामेंट जिंकलेली पोरं मी बघितलीयत.

ऑनलाइनला मी कमी लेखतोय असं समजू नका. जिथे दुकान नाही तिथल्या माणसाला अरीना नसतं तर हा गेम मिळालाच नसता. एका महिन्यात जितके मॅचअप (कुठला डेक कुठल्या डेकसमोर) तुम्ही फोनवर बघता तितके दुकानात वर्षभरात होत नाहीत. आणि घरच्यांना, ज्यांना पत्ते म्हटलं की पैसे लावणंच दिसतं, त्यांना दाखवायला एक खरं नाव पण ऑनलाइननेच दिलंय. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तिथे भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य आणलं. प्रात्यक्षिक असल्याने अधिकृत पदकतक्त्यात धरलं नाही, पण आणलं. माझ्या आईला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं की तू जातोस ती स्पर्धा कुठे असते, आणि जेवणाची सोय काय.

तर येत्या शुक्रवारी ज्यांना यायचंय त्यांनी सहा वाजेपर्यंत या, राउंड सातला सुरू होतात. ६० आणि १५ मोजून आणा, एकाच रंगाच्या स्लीव्हमध्ये, लाइफ लिहायला वही-पेन आणा, फोनवरचं ॲप नको, बॅटरी जाते आणि वाद झाला तर कागदावर आधीचे सगळे आकडे दिसतात. डाइस कमी पडले तर माझ्याकडे आहेत. डेकच नसेल तर आदल्या रात्रीपर्यंत ग्रुपवर सांगा, अरीनावर काय खेळता तेही लिहा, त्याच्या जवळपासचं काहीतरी जमवून ठेवतो, आणि पहिली राउंड सुरू व्हायच्या आधी आपण एक गेम पत्ते उघडे ठेवून खेळू, ट्रिगर मोठ्याने बोलत.