अक्षरांना फुटलेले चेहरे

मध्ययुगीन इस्लामी जगातील चांदीच्या जडावकामाने सजलेली पितळी आणि कांस्याची भांडी पाहणाऱ्याला पहिल्यांदा आश्चर्य वाटते ते त्यांवरील माणसांचे, कारण इस्लामी कलेत चित्राला थाराच नव्हता हा समज अजूनही घट्ट आहे. मला मात्र या भांड्यांवर अक्षर आणि आकृती यांच्यात बाराव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंत चाललेली ओढाताण अधिक वेधक वाटते.

ती समजण्यासाठी काम कसे होई हे आधी पाहायला हवे. कारागीर भांड्याच्या पृष्ठभागावर नक्षीचा भाग छिन्नीने उथळ खोदून काढी आणि त्या खोलगट भागाच्या कडा आतल्या बाजूने किंचित कापून ठेवी. त्यात बेताने कापलेला चांदीचा पातळ पत्रा बसवून तो ठोकला, की कडा त्याला धरून ठेवत. मग त्या पत्र्यावर चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, पक्ष्यांची पिसे कोरली जात आणि उरलेल्या जागी काळे, डांबरासारखे द्रव्य भरून चांदीला उठाव दिला जाई. पत्रा गळून पडलेली भांडी अभ्यासाला अधिक उपयोगी, असे मी म्हणेन. खोदकामाची हातोटी तिथे उघडी दिसते.

खुरासान या प्रदेशातील, आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात ही कला बाराव्या शतकात भरभराटीला आली. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातील ‘बोब्रिन्स्की बादली’ हिजरी ५५९, म्हणजे इसवी सन ११६३ मधली असून तिच्यावर चांदीबरोबर तांब्याचेही जडावकाम आहे. ती ओतणाऱ्या मुहम्मद इब्न अब्द अल-वाहिदचे आणि सजवणाऱ्या मसूद इब्न अहमदचे नाव तिच्यावर स्वतंत्रपणे नोंदलेले आहे, आणि ती सुलतानासाठी नव्हे, तर एका व्यापाऱ्यासाठी घडवलेली होती. मेजवानी, वादन आणि शिकार यांच्या पट्ट्यांइतकेच तिच्यावरील लेखनही जिवंत आहे, कारण तिथे अक्षरांच्या उभ्या दांड्यांना माणसांची डोकी आणि धडे फुटलेली आहेत. भांड्याच्या मालकाला वैभव आणि भरभराट चिंतणारे नेहमीचे शब्दच जणू मेजवानीला येऊन बसले आहेत. वाचायला हे लेखन अर्थातच कठीण आहे, पण मालकाची त्याबद्दल तक्रार असेल असे वाटत नाही.

आजच्या इराकमधील मोसुलच्या कारागिरांनी तेराव्या शतकात आकृतीला मोकळे रान दिले. ब्रिटिश म्युझियममधील ‘ब्लाकास सुरई’ शुजा इब्न मना याने १२३२ मध्ये मोसुलमध्ये घडवली, असे तिच्यावरच लिहिले आहे. इतर अनेक कारागीर स्वतःला ‘मोसुली’ म्हणवीत असले, तरी भांडे त्याच शहरात घडल्याचा असा स्पष्ट उल्लेख दुर्मीळ असल्याने या सुरईला कसोटीच्या दगडाचे स्थान मिळाले आहे. तिच्यावर घोडेस्वार आहेत, वादक आहेत, आरशात पाहणारी स्त्री आणि पेटी घेऊन तिच्यापुढे उभी असलेली दासीही आहे. याच काळातील काही भांड्यांवर तर येशूच्या जीवनातील प्रसंग आढळतात.

इजिप्त आणि सिरियावर राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांच्या कैरोतील दरबारात पारडे फिरले. सुलतान अल-नासिर मुहम्मदच्या भांड्यांवर त्याच्या पदव्यांची उंच, ठसठशीत अक्षरे सगळी जागा व्यापतात; गोल पदकांत तर ती सूर्यकिरणांसारखी चहूकडे फाकलेली असतात. सत्तेची घोषणा म्हणून ही योजना प्रभावी आहे, तरी चार-पाच भांडी पाहून झाल्यावर ती मला एकसुरी वाटू लागते. पंधराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्रीझी याने जडावकाम करणाऱ्यांच्या कैरोतील बाजाराविषयी लिहिताना, पूर्वी घरोघर आढळणाऱ्या या भांड्यांची मागणी आपल्या काळात ओसरल्याचे आणि कारागीर थोडेच उरल्याचे नोंदवले आहे.

या अक्षरांच्या राज्यात मुहम्मद इब्न अल-झैनचे चौदाव्या शतकातील घंगाळ वेगळे पडते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातील या घंगाळावर सुलतानाच्या नावाचा भव्य लेख नाही. बाहेरून स्वार आणि सरदार, आतून शिकार आणि युद्ध, तळाशी दाटीने पोहणारे मासे, असा सगळा आकृतींचा कारभार आहे. अक्षरे आहेत, पण ती आकृतींच्या हाताखाली गेलेली. कारागिराने सहा ठिकाणी सही केली असून तिच्यासाठी सिंहासनासारख्या चित्रातल्याच वस्तूंचा आधार घेतला आहे, आणि एका सेवकाच्या हातातील ताट तर स्वतःच, मी अन्न वाहून नेण्यासाठी आहे, असे सांगते. हे घंगाळ पुढे फ्रान्सच्या राजघराण्याकडे पोहोचले आणि १६०६ मध्ये तेराव्या लुईच्या बाप्तिस्म्यासाठी वापरले गेले. ‘संत लुईचे बाप्तिस्मापात्र’ असे नाव त्याला चिकटले; ज्याच्यावरून हे नाव पडले तो फ्रान्सचा राजा संत लुई मात्र १२७० मध्येच, ते घडण्याच्या कितीतरी आधी, मरण पावला होता.