पन्नास किलो तेल

महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचं स्टोअर मी बघतो. कांदेबटाट्याचा हिशोब थोडा इकडेतिकडे झाला तरी खपून जातो. तेलाचा नाही, तेल म्हणजे रोख पैसा.

जूनअखेर स्टॉक मोजला. मे महिन्याचं काही उरलं नव्हतं. जूनमध्ये सोयाबीनचे ४० डबे आले, वहीत ६०० किलो. ३ डबे सीलबंद शिल्लक, ३७ रिकामे, म्हणजे डबे बरोबर. पण आचारी महाराज तेल काट्यावर वजन करूनच घेतात, आणि त्यांच्या वहीची बेरीज निघाली ५०५ किलो. सदतीस डब्यांचे ५५५ व्हायला हवेत. पन्नास किलो गायब!

डबा फोडण्यापासून काट्यापर्यंत तेल एकाच्याच हातात असतं, बारक्याच्या. वय एकोणीस, दिघ्याहून येतो. मॅनेजर साहेबांनी दोन मिनिटांत निकाल दिला, 'पगारातून कापा.' त्या संध्याकाळी गेटवर त्याची पिशवी वॉचमनने उलटी केली. जेवणाचा डबा, ओला टॉवेल, चार्जर. मी बाजूलाच उभा होतो आणि गप्प होतो.

रात्री सहज भागाकार केला. पन्नास भागिले सदतीस, एक किलो पस्तीस. महिनाभर दर डब्यातून थोडं थोडं जात असेल तरी एवढं? एखाद्या दिवशी तरी मला दिसलं असतं.

सकाळी कुणी यायच्या आधी सीलबंद डबा काट्यावर ठेवला. १४.६०. रिकामा ठेवला, ०.९५. आत तेल १३.६५ किलो, आणि सील जसंच्या तसं. मग डबा फिरवून वाचला. ठळक अक्षरात '१५ लिटर', खाली बारीक '१३.६५ कि.ग्रॅ.'. मेपर्यंत आमच्याकडे १५ किलोचा डबा यायचा. जूनपासून व्यापारी बदलला, डबा बदलला, आणि वहीतल्या 'किलो'च्या रकान्यात मी मात्र १५ च लिहीत गेलो. चलनावर लिटर स्पष्ट छापलेलं होतं. खाली सही माझी.

साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, 'लिटर म्हणजे किलोच की!' पाण्याचं तसं असतं. मी लिटरचं माप काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि तेल काठोकाठ भरलं. ९१० ग्रॅमच्या आसपास आकडा थांबला. महाराज मागून म्हणाले, 'तेल पाण्यावर तरंगतं साहेब, हलकं असणारच.' तीस वर्षं कढईपुढे उभा असलेला माणूस. त्याला भागाकाराची गरज पडली नाही.

म्हणजे एक किलो तेल साधारण १,१०० मिली, आणि जुन्या १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर बसायचं. त्यात तेल गरम झालं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर २१ अंशांना साधारण ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३. पूर्वी काही कंपन्या पाकिटावर लिटरच्या शेजारी चढं तापमान छापून कमी वजनाचा लिटर देऊन मोकळ्या व्हायच्या. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमान न छापता लिटरसोबत वजनही लिहायला सांगितलं. डब्यावर ती बारीक ओळ असते, ती वाचायची तेवढी.

खरा झटका साहेबांना पुढे बसला. जुना डबा २,१०० चा, नवा १,९८०. डब्यामागे १२० रुपये वाचवले म्हणून त्यांनी वरच्या ऑफिसात शाबासकी घेतली होती. मी कॅल्क्युलेटर पुढे केला. जुना १४० रुपये किलो, नवा १४५. साहेबांनी तोच भागाकार दोनदा केला आणि चहा मागवला.

वही दुरुस्त केली. ४० डबे, ५४६ किलो. गेले ५०५, उरले ४१, म्हणजे तेच तीन सीलबंद डबे. बारक्याचा पगार पूर्ण निघाला. मी त्याला म्हटलं, 'चूक माझी होती रे.' 'असू दे काका,' म्हणाला आणि परात घासत राहिला.

पुढचा टेम्पो आला तेव्हा मी चलन हातात घेईपर्यंत त्याने पहिला डबा काट्यावर चढवला होता. 'चौदा सहाशे!' गेटवरच्या वॉचमनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला. मग दुसरा डबा उचलला.