योसेफाची शवपेटी

बायबलातले उत्पत्तीचे पुस्तक ज्या वाक्याने संपते, त्यात एक शवपेटी आहे. योसेफ 110 वर्षांचा होऊन वारला, त्याच्या शवात मसाले भरले आणि त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तात, पेटीत ठेवले. पान उलटले की निर्गमाचे पुस्तक सुरू होते. गेल्या रविवारी उपासनेत हा शास्त्रपाठ झाला, तेव्हापासून ती पेटी माझ्या मनातून जात नाही.

राजा फारोच्या खालोखाल मिसरात योसेफाचाच शब्द चालत असे, त्यामुळे तेथे थोर कबर बांधून घेणे त्याला अवघड नव्हते. तरीही मरताना त्याने आपल्या लोकांकडून शपथ घेतली, की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना शपथपूर्वक देऊ केलेल्या कनान देशात देव तुम्हांला नक्की नेईल, त्या वेळी माझ्या अस्थी येथून घेऊन जा. निर्गमात मिसरातल्या वास्तव्याची 430 वर्षे सांगितली आहेत, आणि त्याचा बाप याकोब याचे कुटुंब तेथे आले तेव्हा योसेफ 39 वर्षांचा होता असा हिशेब निघतो; म्हणजे ती पेटी सुमारे 360 वर्षे तशीच राहिली. त्या काळात मिसराच्या गुलामीत विटा थापता थापता मेलेल्या किती जणांना देवाने आपल्याला टाकले असे वाटले असेल, याचा विचार मी टाळू शकत नाही.

आमची भायखळ्याची चाळ तीन वर्षांत नवे घर देण्याच्या बोलीवर पाडली, तेव्हा बाबांनी दारावरची पितळी पाटी स्वतः उतरवली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. नव्या दारावर हीच लावायची, असे त्यांनी मला बजावले होते. संक्रमण शिबिरातल्या अकराव्या पावसाळ्यात ते प्रभूकडे गेले. पाटीच्या एका कोपऱ्याला चाळीच्या दाराचा हिरवा रंग अजून चिकटलेला आहे.

कनानाचे अभिवचन इस्राएलाला होते. भायखळ्यातल्या दोन खोल्यांचे अभिवचन देवाने मला दिलेले नाही, हे मी जाणतो. शास्त्रातले वचन उचलून आपल्या गरजेला चिकटवणे मला पटत नाही. परंतु पाटी हातात घेतली की योसेफाने ती शपथ का घातली असेल, हे मला थोडे उमगते.

मिसर सोडण्याच्या घाईतही लोकांचा पुढारी मोशे याने त्या अस्थी आठवणीने बरोबर घेतल्या. पुढची 40 वर्षे कुरकुर करणाऱ्या, सोन्याचे वासरू करून त्याला नमन करणाऱ्या लोकांबरोबर त्या रानातून फिरल्या. वीस वर्षांच्या वरचे जे पुरुष मिसरातून निघाल्यावर रानात मोजले गेले होते, त्यांपैकी यहोशवा आणि कालेब सोडून सगळे वाटेतच मेले, तरी अस्थी यार्देन नदीपलीकडे कनानात पोहोचल्या. लोकांच्या अविश्वासाने त्यांचा स्वतःचा प्रवेश हुकला. देवाने अब्राहामाला दिलेला शब्द मात्र त्या अविश्वासाने ढळला नाही.

यहोशवाच्या पुस्तकाच्या शेवटी त्या अस्थी शखेमात पुरल्या गेल्या, याकोबाने हमोराच्या मुलांकडून 100 नाण्यांना विकत घेतलेल्या जमिनीत. याच शखेमाच्या शिवारात सतरा वर्षांचा योसेफ आपल्या भावांना शोधत भटकत होता. ते दोथानास गेल्याचे एका माणसाने त्याला सांगितले, आणि तेथे गेल्यावर भावांनी त्याला विकले.