शॉर्टकटचा खरा पत्ता: नोंद तिसरी

मशीन तेच, विंडोज 10 चं. काम एकच: शॉर्टकट नक्की कोणती फाइल उघडतो तो पत्ता शोधणं. सरळ होते ते शॉर्टकट मागच्या खेपेत झाले: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट (तिथे तो पत्ता असतो). आता अडून बसलेले चार.

कापूस हिशेब. टार्गेटमध्ये पत्ता ई: ड्राइव्हचा, आणि मशीनवर ई: नाहीच. हिशेबाचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावल्यावर एफ: झालाय. विंडोजची हार्ड डिस्क सहसा एनटीएफएस (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असते, तिथे हलवलेली फाइल विंडोज बहुतेक वेळा स्वतः हुडकतं. पेन ड्राइव्ह एफएटी32 या जुन्या पद्धतीचा, तिथे ती सोय चालत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून ड्राइव्हला पुन्हा ई: अक्षर दिलं, शॉर्टकट उघडला.

लग्नपत्रिका. तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हवरचं "फोल्डर". आयकॉन हुबेहूब फोल्डरचा, पण कोपऱ्यात बाण आणि साइज 2 केबी. यावर डबल क्लिक नकोच. टार्गेटच्या चौकटीत सुरुवात साधी दिसते, सी:\विंडोज\सिस्टम32\सीएमडी.ईएक्सई, म्हणजे आज्ञा चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम. तिथेच थांबलात तर फसलात. चौकटीत क्लिक करून एंड दाबा: पुढे /सी (म्हणजे पुढची आज्ञा चालव), मग एका .व्हीबीएस स्क्रिप्ट फाइलचं नाव, आणि शेवटी खरं फोल्डर उघडायची आज्ञा. फोल्डर उघडतं म्हणून कोणाला शंका येत नाही, तेवढ्यात स्क्रिप्ट चालून गेलेली असते.

खरं फोल्डर लपवलेलं असतं. आधी अँटिव्हायरसने पेन ड्राइव्ह आणि मशीन दोन्ही साफ करा, नाहीतर शॉर्टकट परत उगवतात. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या ड्राइव्हवर जाऊन फाइलींच्या खुणा काढणारी ही आज्ञा द्या: अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी (अक्षरं अर्थातच इंग्रजी). नुसतं -एच (लपवल्याची खूण काढणारं) दिलं तर "नॉट रीसेटिंग सिस्टम फाइल" येतं, कारण सिस्टमची खूण सोबत काढावी लागते.

आणखी एक मेख: अपडेट न झालेल्या विंडोजमध्ये टार्गेटची चौकट सुरुवातीची 260 अक्षरंच दाखवते. मध्ये रिकाम्या जागा भरून पुढची आज्ञा लपवता येते. पूर्ण मजकुरासाठी पॉवरशेलमध्ये (विंडोजची आज्ञा द्यायची खिडकी) डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल हे विंडोजचं तयार ऑब्जेक्ट घ्या, त्याच्या क्रिएटशॉर्टकटला .एलएनके फाइलचा (म्हणजे शॉर्टकटचाच) पूर्ण पत्ता द्या आणि टार्गेटपाथ, आर्ग्युमेंट्स वेगवेगळे वाचा. नावात "क्रिएट" असलं तरी सेव्ह म्हटल्याशिवाय फाइलला धक्का लागत नाही.

सातबारा प्रिंट. इथे हीच पद्धत आपटली, उत्तर रिकामं. कारण नाव देवनागरी. हे ऑब्जेक्ट जुनं, नावं युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) हाताळत नाही, त्यामुळे आपल्या अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. मराठी नावांसाठी शेल.अ‍ॅप्लिकेशन वापरा: नेमस्पेसला फोल्डर, पार्सनेमला फाइलचं नाव, मग गेटलिंकचा पाथ. पत्ता अख्खा मराठीत आला, डाउनलोड्समधल्या एका पीडीएफचा. मराठी नावं ठेवणाऱ्या सगळ्यांनी ही वाट लिहूनच ठेवावी.

चौथ्याचं टार्गेट करडं, ओपन फाइल लोकेशनही बंद. एमएसआय (विंडोजची प्रोग्राम बसवायची पद्धत) इन्स्टॉलरने टाकलेले काही शॉर्टकट असेच असतात, त्यांत साधा पत्ता नसून प्रॉडक्टची खूण असते. प्रोग्राम चालू करा, टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये त्यावर राइट क्लिक, ओपन फाइल लोकेशन. सापडला.

आता फक्त पब्लिक डेस्कटॉपवरचे, म्हणजे मशीनच्या सगळ्या युजर्सना दिसणारे, राहिले. ते सी:\यूजर्स\पब्लिक\डेस्कटॉपमध्ये असतात, आपल्या फोल्डरात शोधून दिसत नाहीत.