लिव्हर जड झालाय? तेलाचा डबा आधी बाजूला ठेवा

आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनाच्या बोटीवर रिमोटचा लिव्हर (चालकाजवळचा गिअर आणि वेग सांभाळणारा दांडा) एका दिवसात जड होत नाही. हात नकळत जोर वाढवत जातो आणि जड लिव्हरचीच सवय होते. मग कधीतरी जेट्टीला लागताना लिव्हर मागे घेतला तरी इंजिनाचे फेरे उतरत नाहीत. ही थ्रॉटल केबलची, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या केबलची गोष्ट. गिअर बदलणारी शिफ्ट केबल जड असेल तर नुकसान गुपचूप होतं: गिअर चटकन न पडता घासत घासत पडतो आणि गिअरकेसमधल्या डॉग क्लचचे, म्हणजे गिअर जोडणाऱ्या दातेरी भागाचे, दात झिजतात. त्यापुढे केबलचा खर्च किरकोळच.

ठाण्याच्या खाडीत, म्हणजे वाशी, ऐरोली, दिवाळे या पट्ट्यात, खाऱ्या पाण्याबरोबर बारीक गाळही असतो. केबलचं इंजिनाकडचं टोक कायम त्याच्या शिंतोड्यात. म्हणून बिघाड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

पण नवीन केबल मागवण्याआधी जडपणा नेमका कुठे आहे ते शोधा. किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, बॅटरी बंद करा, इंजिनाकडच्या पिना काढून दोन्ही केबल सोडवा आणि लिव्हर हलवा. हलका चालला तर केबल निर्दोष आहे. इंजिनावरच्या आर्मच्या (केबल ज्याला जोडलेली असते त्या दांड्याच्या) सांध्यांत मीठ आणि सुकलेलं ग्रीस बसलंय. ते साफ करून मरीन ग्रीस लावा. शिफ्ट आर्म हाताने तपासताना दुसऱ्याला प्रॉपेलर हळूहळू फिरवायला सांगा. इंजिन बंद असताना दात समोरासमोर आले तर गिअर पडत नाही, आणि लोक जोर लावून लिंकेज वाकवतात.

लिव्हर तरीही जडच असेल तर कंट्रोल बॉक्स (लिव्हर बसवलेला डबा) उघडून त्या बाजूचीही टोकं सोडवा. आता केबल हाताने आत-बाहेर करून बघा. चांगली केबल एका हाताच्या जोराने सुळकन सरकते. ती सरकतेय आणि नुसता बॉक्सच जड आहे, तर आधी थ्रॉटल फ्रिक्शनचा स्क्रू बघा. लिव्हर आपोआप मागे येऊ नये म्हणून तो कुणीतरी आवळून ठेवलेला असतो, आणि दोष केबलवर जातो.

आता तेलाबद्दल. केबलच्या गाभ्यात सरकणारी तार, तिच्याभोवती प्लास्टिकची नळी, त्यावर पोलादी तारांचं चिलखत आणि बाहेर जॅकेट. वंगण कारखान्यातच भरलेलं असतं. जॅकेटला चीर गेली की चिलखताच्या तारा गंजून फुगतात आणि आतली नळी आवळतात. तो गळा तेलाने सुटत नाही. वरून ओतलेलं तेल चार दिवस बरं वाटतं, मग गाळ धरून चिकट होतं. बाहेर दिसणारी चकचकीत दांडी पुसून तिला ग्रीसचा पातळ हात द्यायला हरकत नाही, तेवढंच.

बदलायच्या तर दोन्ही एकदम. दोघींनी तेच पाणी सोसलंय आणि बॉक्स उघडण्याचा त्रास एकदाच होतो. बाजारात सर्रास मिळणारी ३३सी प्रकारची केबल शिफ्ट आणि थ्रॉटल दोन्हींना चालते. तिच्या दोन्ही टोकांना १०-३२ चे (इंची मापाचे, इंचाला ३२) आटे असतात. काही कंपन्यांच्या इंजिनांना मात्र वेगळ्या टोकांच्या केबल लागतात, म्हणून जुनं टोक दुकानात दाखवा. लांबी फुटांत, टोकापासून टोकापर्यंत मोजतात, आणि बऱ्याचदा जॅकेटवरच्या नंबरात ती असते. नंबर पुसला असेल तर केबलच्या मार्गाने बॉक्सपासून इंजिनाच्या मध्यापर्यंत मोजा, इंजिन वळताना लागणाऱ्या वळशासाठी साधारण ४ फूट मिळवा आणि पुढच्या पूर्ण फुटाची घ्या. आखूड केबल ओढून बसवण्यापेक्षा फूटभर जास्त परवडते.

सोडवण्याआधी दोन्ही टोकांचे फोटो काढा आणि टेप लावून कोणती शिफ्टची, कोणती थ्रॉटलची ते लिहा. जुन्या केबलच्या टोकाला नायलॉनची दोरी घट्ट बांधा आणि केबल ओढून काढा. दोरी मार्गात राहील, तिनेच नवी ओढायची. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. वळणाची त्रिज्या ८ इंचांच्या खाली नको, म्हणजे पूर्ण वळसा निदान मोठ्या परातीएवढा हवा. झिप टाय करकचून आवळू नका, आणि इंजिनाजवळचा वळसा मोकळाच सोडा. मग इंजिन डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून आणि वर उचलून बघा, केबल कुठे ताणली जाते का.

खरी कसोटी जुळवणीची, आणि घाई नेमकी इथेच होते. आधी शिफ्ट. लिव्हर न्यूट्रलला, इंजिनाचा आर्मही न्यूट्रलला. केबलचं टोक थोडं पुढे-मागे हलतं, त्या ढिलाईच्या बरोबर मध्यावर टोकाचा जोड आर्मच्या पिनेवर अलगद बसला पाहिजे. दाबावा लागला तर जोड फिरवून पुन्हा जुळवा. जोड आट्यांवर किमान ८ मिमी, म्हणजे सुमारे १० फेरे, चढलेला हवा. लॉकनट आवळा. थ्रॉटलला लिव्हर न्यूट्रलला आणि आर्म आयडलच्या (किमान वेगाच्या) टेकूला लागलेला ठेवून जोड बंद होण्याच्या दिशेने किंचित ताणात बसवा. ताण जास्त झाला तर लिव्हर पुन्हा जड लागेल आणि नव्या केबलला शिव्या बसतील. पूर्ण थ्रॉटलला आर्म शेवटच्या टेकूपर्यंत पोचतो का आणि परत पूर्ण बंद होतो का, हेही बघा. लिव्हर पुढे नेताना आधी गिअर पडायला हवा, थ्रॉटल त्यानंतरच उघडायला हवा.

चाचणी भरतीला, बोट दोन्ही बाजूंनी बांधून. ओहोटीला आपल्या खाडीत इंजिनाचं पाणी खेचणारं तोंड गाळात जातं आणि केबल तपासता तपासता इम्पेलर (थंडाव्याचं पाणी खेचणाऱ्या पंपाचं फिरतं चाक) जातो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू व्हायला हवं, गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरायला नको. मग आयडलवर फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असं चार-पाच वेळा करा. गिअर पडताना एकच ठसठशीत टक् ऐकू यावं. करकर आली तर शिफ्टची जुळवणी पुन्हा करा.

मासेमारी बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. त्या दिवसांत हे काम केलं तर नारळी पौर्णिमेच्या गर्दीत मेकॅनिकच्या मागे धावावं लागत नाही. पहिल्या दहा-एक तासांच्या फेऱ्यांनंतर लॉकनट आणि पिना पुन्हा बघा, आणि जॅकेटवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून त्यावर पारदर्शक टेप मारून ठेवा.