कोरडा बास

शनिवार, रात्री साडेअकरा. वागळे इस्टेट, ठाणे.

‘सॉफ्ट सेल’ या इंग्रज जोडीचा १९८१ मधला पहिला अल्बम, ‘नॉन-स्टॉप इरॉटिक कॅबरे’, आज दुपारपासून तीन वेळा ऐकला. तिसऱ्या वेळी हेडफोन काढून स्पीकरवर लावला, तेव्हा बाबा आतल्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले आणि थोडा वेळ ऐकून म्हणाले, “कोरडं चाललंय रे हे. तेल दिलेलं नाही वाटतं.”

याच औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे पॉवर प्रेस चालवलेल्या माणसाच्या या शेऱ्यावर मी हसलो खरा, पण नंतर पुन्हा बासकडे, म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणाऱ्या खालच्या सुरांकडे, कान दिला. जोडीतल्या डेव्ह बॉलचा बास खरोखरच कोरडा आहे: सूर उमटतो न उमटतो तोच तुटतो, त्याच्यामागे घुमणे नाही की ओल नाही, आणि पुढचा ठोका नेमक्या जागी येऊन पडतो. गायक मार्क आमंड आणि बॉल लीड्समध्ये शिकत असताना भेटले. लीड्स कापडगिरण्यांचे शहर, जवळचे शेफील्ड पोलादाचे. तिथे ‘कॅबरे व्होल्तेर’ हा गट यंत्रांचा खडखडाट नाचाच्या ठेक्याकडे नेत होता आणि लंडनच्या ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ने तर १९७६ मध्येच आपल्या रेकॉर्ड कंपनीचे नाव ‘इंडस्ट्रियल’ ठेवले होते. सॉफ्ट सेलने त्या खडखडाटाला चाल दिली, एवढेच नव्हे, तर त्याच्यावर एक रडवेला माणूस उभा केला. अल्बमआधी, त्याच वर्षी, डॅनियल मिलरकडून निर्मिती करून घेतलेले ‘मेमोरॅबिलिया’ हे त्यांचे सर्वांत यंत्रवत नाचगाणे मूळ अल्बमवर नाही, हे मला अजूनही खटकते.

ज्या गाण्यामुळे जग त्यांना ओळखते, ते ‘टेन्टेड लव्ह’ त्यांचे स्वतःचे नाही. ग्लोरिया जोन्स या अमेरिकन गायिकेने ते साठच्या दशकात गायले होते. सॉफ्ट सेलची आवृत्ती अमेरिकेच्या ‘हॉट हंड्रेड’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४३ आठवडे टिकली. मला मात्र त्याच्यासाठी हा अल्बम पुन्हा लावावासा वाटत नाही.

लावावासा वाटतो तो ‘बेडसिटर’साठी. रात्रभर क्लबात नाचून भाड्याच्या एका खोलीत परतलेल्या तरुणाचे ते गाणे आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाबांशी भांडून मी घणसोलीत खोली घेतली होती. ऐरोलीतली रात्रपाळी संपवून यायचो, तेव्हा अंग झोपेने मोडलेले असे, पण नळाला सहा वाजता पाणी येई आणि ते जेमतेम वीस मिनिटे टिके, म्हणून बादली, पिंप आणि शेवटी स्वयंपाकाचा एकुलता एक टोप भरेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहावे लागे. या गाण्यातला ठेका तसाच आहे. आत माणूस रिकामा झाला आहे याचा त्याला पत्ताच नाही. तो आपला उत्साहाने चालूच राहतो.

आमंडचा आवाज अनेकदा सुरापासून किंचित खाली राहतो आणि पुष्कळांना तो दोष वाटतो. मी तो दुरुस्त करून घेणार नाही. बाबा प्रेसवर काम करता करता भजने म्हणत, पण त्या आवाजात स्वतःचाच सूर ऐकू येत नसल्यामुळे तो कधी घसरला हे त्यांना कळत नसे; शेजारचा फिटर जेवणाच्या सुट्टीत सांगे, तेव्हा कळे. न चुकणाऱ्या यंत्रापुढे गाणारा माणूस थोडा बेसूर होणारच, आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत निर्माता माईक थॉर्न याने तो बेसूरपणा पुसून टाकला नाही, हे त्याचे या दोघांवर उपकारच आहेत.

बाबा आज शेवटपर्यंत खाटेवर बसून राहिले. अखेरचे, संथ, निरोपाचे गाणे सुरू झाले तेव्हा त्यांनी विचारले, “पाळी सुटली का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेले.