विंचवाला मोरी नसते

येत्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन बारा दिवस फिरायचे, असे आम्ही दोघांनी गणपतीच्या सुमारास ठरवले आणि ज्यांना ज्यांना हे सांगितले, त्यांतल्या निम्म्या लोकांनी हसून एकच वाक्य ऐकवले, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" पहिल्या दोन वेळा मीही हसले. तिसऱ्या वेळी मात्र, व्हॅनमधल्या सांडपाण्याचे नियम वाचता वाचता आदल्या रात्रीचे बारा वाजवले असल्यामुळे, माझ्या तोंडून उत्तर निघून गेले, की विंचवाला मोरी नसते. तेव्हापासून आमच्या घरात या सहलीचे ते नावच पडले आहे.

आम्ही तसे हॉटेलात उतरणारे प्रवासी. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सहलीचे नियोजन म्हणजे काय पाहायचे आणि काय सोडायचे, एवढाच प्रश्न असे. आंघोळीचे पाणी, चादरी, नाश्ता आणि त्यानंतरची उष्टी भांडी ही दुसऱ्या कोणाची तरी काळजी असे. या वेळी पाहण्याच्या ठिकाणांची यादी अर्ध्या तासात संपली. क्राइस्टचर्चहून निघायचे, टेकापो सरोवर, तिथून आओराकी म्हणजेच माउंट कुकच्या पायथ्याशी, मग वानाका, हास्टची खिंड ओलांडून पश्चिम किनारा, होकिटिका आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च, असा सुमारे बाराशे किलोमीटरचा फेरा. नवऱ्याचे सगळे आयुष्य कारखान्याच्या उत्पादन नियोजनात गेल्यामुळे त्याने त्याचा तक्ता करून त्यात रंगही भरले. पाण्याचा तक्ता मात्र अजून चालू आहे.

त्या देशात ठरावीक जागी रस्त्याकडेला किंवा तळ्याकाठी फुकट मुक्काम करता येतो, परंतु त्यासाठी गाडी 'स्वयंपूर्ण' असल्याचा हिरवा परवाना लागतो. स्वयंपूर्ण म्हणजे तीन दिवस बाहेरून पाण्याचा थेंब न घेता आणि आतला थेंब बाहेर न सांडता राहता आले पाहिजे. नियमात माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी धरलेले आहे. आमच्या दोघांचे तीन दिवसांचे मिळून चोवीस लिटर झाले, म्हणजे आमच्या मोरीतल्या बादलीहून थोडे अधिक. आपल्याकडे शहराच्या पाणीपुरवठ्याची योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात, हे मला नवऱ्याने सांगितले आणि वर "त्यात तू बसत नाहीस" अशी पुस्ती जोडली. भाड्याच्या गाड्यांच्या टाक्या नियमापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात हे खरे, पण माझ्या डोक्यात ते चार लिटर रुतून बसले होते. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला नळ बंद ठेवला आणि मोजून भरलेल्या बादलीतल्या पाण्याने दोघांची भांडी घासली. पिठल्याच्या एकट्या कढईने चार लिटर खाल्ले. कडेला धरलेली खरवड सुटेना, म्हणून पाणी घालून भिजत ठेवली, ते पाणी ओतले, पुन्हा घातले. तेवढ्यात, तळ्याकाठी ही खरवड ओतायची कुठे, हा प्रश्न मनात आला आणि मी चमचा घेऊन ती खाऊनच टाकली. पिठल्याची खरवड हा खरे तर मेवा आहे. जलव्यवस्थापनाचे साधन म्हणून तिचा उपयोग मला त्या दिवशी प्रथम कळला.

नियमांचे दुसरे कलम अधिक खासगी स्वरूपाचे आहे. शौचालय गाडीत पक्के बसवलेले असले पाहिजे आणि पलंग मांडलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. हे कलम लिहिणारा माणूस नक्कीच संसारी असला पाहिजे, कारण ज्याला रात्री उठावे लागते आणि ज्याची झोप त्याने मोडते अशी दोन माणसे एका खोलीत राहिली, की कायद्याची गरज कुठे पडते हे त्याला अचूक कळलेले आहे. या शौचालयाखाली एक बंद पेटी असते. ती गाडीच्या बाहेरच्या बाजूने एक झडप उघडून ओढून काढायची, बहुतेक वेळा तिला प्रवासी बॅगेसारखी चाके आणि दांडाही असतो, आणि नेमून दिलेल्या जागी नेऊन रिकामी करायची, धुवायची, परत बसवायची. हे काम कोणी करायचे यावर आमच्यात जी चर्चा झाली, तिच्यासारखी चर्चा मुलाच्या शाळेच्या माध्यमाबद्दलही झाली नव्हती. नवऱ्याचे म्हणणे असे, की गाडी तो चालवणार, त्यामुळे मागची बाजू माझी. माझे म्हणणे असे, की गाडी मीही चालवणार आहे; आपल्यासारखीच तिथेही वाहने डावीकडून चालतात, माझा परवाना इंग्रजीत छापलेला आहे, आणि ताम्हिणीचा घाट मी पावसाळ्यात उतरवलेला आहे. मग मागच्या आणि पुढच्या बाजूंची अशी वाटणी होणार कशी? शेवटी दिवसाआड ठरले. पहिला दिवस कोणाचा, हे अजून ठरलेले नाही.

गाडी चालवण्याची मला भीती नाही, पण तक्त्याची आहे. नकाशा ज्याला तीन तास म्हणतो, त्याला जवळजवळ तीन मीटर उंचीची, वाऱ्याने हलणारी गाडी चार तास घेते, हे मान्य करायला नवऱ्याला दोन आठवडे लागले. पश्चिम किनाऱ्यावर एकेरी पूल पुष्कळ आहेत. आपल्या दिशेचा बाण लाल असेल तर थांबायचे आणि समोरच्याला येऊ द्यायचे, हा तिथला रिवाज. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची या आपल्या नियमात वाढलेल्या माणसाला तो समजायला कठीण नाही. आपल्याकडे तो पाळताना कोणी दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. डिझेलवर तिथे पंपावर रस्त्याचा कर नसतो, म्हणून तो चाललेल्या किलोमीटरच्या हिशेबाने वेगळा द्यावा लागतो. नवऱ्याने त्यासाठीही एक रकाना उघडला आहे. विम्याविषयी मी इथे काही लिहीत नाही, कारण तो भाग वाचताना मला दोन्ही वेळा झोप लागली.

स्वयंपाकाचे नियोजन माझ्याकडे आहे आणि ते मी कोणालाही देणार नाही. गाडीत गॅसच्या दोन शेगड्या असतात आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर आपले अंथरूण असते, हे एकदा लक्षात घेतले की हिंग-मोहरीच्या फोडणीचा वेगळा विचार करावा लागतो. रात्री उशीतून कढीपत्त्याचा वास येणे पहिल्या दिवशी घरची आठवण म्हणून चालेल, नवव्या दिवशी नाही. म्हणून एक रात्र मोकळ्यावर आणि एक रात्र हॉलिडे पार्कमध्ये, अशी पाळी आम्ही लावली आहे. तिथे सामायिक स्वयंपाकघर असते आणि गाडीला विजेची जोडणी मिळते. वीज हा वेगळाच धडा होता. गाडीत घरासाठी दुसरी बॅटरी असते. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज चालतो, पण चहाची किटली किंवा मिक्सर चालायचा तर खुंटाला जोडलेली वीज हवी. दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, फक्त प्लगच्या पात्या तिरप्या. तेव्हा चटणी वाटायची ती पार्कात, आणि मोकळ्यावरच्या रात्री मेतकूट-भात. कुकर न्यायचा की नाही, यावर मात्र माझेच दोन तट आहेत. खिचडीला त्याच्यासारखे दुसरे भांडे नाही, पण जिथे लोक शांततेसाठी येतात अशा तळ्याकाठी तीन शिट्ट्या झाल्या तर आमची ओळख सगळ्या गाड्यांना एकदमच होईल.

त्या देशात शिरताना पिशवीतली प्रत्येक खायची वस्तू जाहीर करावी लागते. न सांगता नेलेले एखादे फळ सापडले तर चारशे डॉलरचा दंड जागच्या जागी होतो. मध चालत नाही, आणि मोड येऊ शकेल अशा कोणत्याही दाण्याकडे त्यांचा जैवसुरक्षा विभाग संशयाने पाहतो, त्यामुळे मटकीला मी घरीच ठेवणार आहे. मात्र मला खरे आश्चर्य वाटले ते बुटांचे. वापरलेले डोंगरातले बूट जाहीर करायचे आणि त्यांना माती असता कामा नये. आमचे बूट म्हणजे सिंहगडाच्या रविवारांचा इतिहास. जुना टूथब्रश आणि टाचणी घेऊन मी गेल्या आठवड्यात गॅलरीत बसले. तळव्याच्या खाचांतून आधी सुकलेला चिखल निघाला, मग कुसळे, एका खाचेतून करवंदाच्या बीसारखे काहीतरी, आणि नवऱ्याच्या डाव्या बुटातून देवटाक्याजवळच्या पिठल्या-भाकरीच्या बिलाचा लगदा. तासाभरात वर्तमानपत्रावर मूठभर माती जमली. ती फेकून द्यायची या विचाराने उगीचच वाईट वाटले, म्हणून मी ती तुळशीत घातली.

एवढा खटाटोप करून इतक्या लांब कशाला, कोकणात का नाही, असे माझ्या नणंदेने विचारले. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केलेले आहे. पण गुहागरच्या पोफळींतून जाणाऱ्या चिऱ्याच्या गडग्यांमधल्या गल्लीत समोरून एस.टी. आल्यावर सहा मीटरची गाडी मागे घेणे मला कल्पनेतही जमत नाही. शिवाय कोकणात कोणाच्याही अंगणात गाडी लावली तर पाच मिनिटांत पाणी, दहा मिनिटांत चहा आणि अर्ध्या तासात घावने येतात. तिथे स्वतःची मोरी सोबत नेणे हा यजमानाचा अपमान ठरेल.

आमच्या तारखा अमावास्येवर बेतलेल्या आहेत, हे ऐकून नणंद अधिकच काळजीत पडली. टेकापो आणि माउंट कुकचा परिसर २०१२ पासून रात्रीच्या अंधारासाठी राखीव आहे. तिथले दिवेसुद्धा आकाशाच्या मर्जीने लावलेले असतात. फाल्गुनातली अमावास्या तिथे गाठायची, एवढी एकच अट मी नवऱ्याच्या तक्त्याला घातली. लहानपणापासून ओळखीचा मृग तिथे उत्तरेकडे, डोके खाली आणि पाय वर असा दिसणार. आणि अगस्त्य! पुण्यातून तो दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम एकोणीस अंश चढतो आणि इमारतींमागे बुडतो. टेकापोहून तो कधी मावळतच नाही. नवरा म्हणाला, "अगस्ती दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत, लक्षात आहे ना?" मी म्हटले, "त्यांनी समुद्र पिऊन टाकला होता. त्यांना पाण्याचा तक्ता लागला नाही."

अमावास्या झाली की पाडवा आलाच. तो आम्हाला गाडीत लागणार. कडुनिंबाचा पाला नेता येणार नाही, साखरेच्या गाठी जाहीर करून नेता येतील. काठी म्हणून डोंगरात चालायची काठी, तिच्यावर माझी एक खणाची ओढणी आणि चहाचे भांडे, असे ठरले आहे. गुढी गाडी उभी असतानाच उभारायची आणि निघण्याआधी उतरवायची, अशी नोंद नवऱ्याने 'उंची' या रकान्यात केली आहे.

हे सगळे कागदावर झाले. गेल्या रविवारी संध्याकाळी त्याने मला सोसायटीच्या गच्चीवर बोलावले. टेप लावून, खडूने, त्याने गाडी आखली होती. सहा मीटरपैकी पुढचा भाग इंजिन आणि चालकाला गेल्यावर आमच्या वाट्याला उरला तो सुमारे चार मीटर लांब आणि दोन मीटरहून कमी रुंद असा पट्टा. त्यात शेगडी, फ्रीज, मोरी आणि पलंग असे चौकोन होते, आणि प्रत्येकावर त्याच्या सुबक अक्षरात नाव. आम्ही आत शिरलो. मी शेगडीच्या चौकोनाशी उभी राहिले तेव्हा त्याला मोरीकडे जाण्यासाठी माझ्या पाठीला पाठ घासून जावे लागले. दोनदा तो रेघेवरून बाहेर पाऊल टाकून गेला, तेव्हा मी त्याला भिंतीतून गेल्याबद्दल परत बोलावले. पाण्याची टाकी बघायला वर आलेला वॉचमन बराच वेळ जिन्याच्या तोंडाशी उभा राहून, काही न विचारता, खाली गेला.

मग आम्ही चटई आणून पलंगाच्या चौकोनात आडवे झालो. खिडकीकडे कोण, याचा निकाल लगेच लागला. रात्री मी उठते, म्हणून दाराकडची बाजू माझी. पुण्याच्या आकाशात विमानाचा एक दिवा आणि दोन-तीन तारे होते. "पुरेल ना गं जागा?" त्याने विचारले. मी मान उचलून पायाकडे पाहिले. पलंगाची शेवटची रेघ त्याच्या टाचांनी पुसली होती आणि त्याचे दोन्ही पाय मोरीत गेले होते.